साताऱ्यात समुद्र, सांगलीत सम्प : नवशिक्यांसाठी नळकाम

समुद्र घरात आणायचं ठरवलंत, छान केलंत. आता पहिली गोष्ट पचवा : आपल्याकडे समुद्र पोत्यातून येतो. लिटरला साधारण 35 ग्रॅम मीठ, तेही आमटीतलं नव्हे. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम मोजूनमापून घातलेलं. मुंबईत 1951 साली तारापोरवाला मत्स्यालय उभं राहिलं तेव्हा ही अडचण नव्हती, मरीन ड्राइव्हचा रस्ता ओलांडला की समुद्रच होता. आपला मुलुख नेमका उलट्या कामाचा. कोयनेचं पाणी बोगद्यांतून पोफळीला उतरतं आणि वासिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. कृष्णेचं कर्नाटक, तेलंगण, आंध्र पार करून बंगालच्या उपसागराला. दोन समुद्रांना आपण गोडं पाणी पुरवतो. तिकडून आजवर परत काही आलेलं नाही, ढग सोडले तर.

या मार्गदर्शनात मासे फारसे भेटणार नाहीत. मासे शेवटी येतात, आणि येतात तेव्हा घरातल्या सगळ्यांना आवडतात. त्याआधी पाइप येतात, ते कोणालाच आवडत नाहीत. म्हणून पाइपांचं काम 'करून घेऊ नंतर' या सदरात जातं आणि दिवाणखान्याच्या फरशीवर निस्तरावं लागतं.

रचना अशी. वर शोभेची टाकी, खाली कपाटात दुसरी टाकी, तिचं नाव सम्प. वरची ओसंडते, पाणी खाली येतं, गाळलं जातं, पंप ते पुन्हा वर चढवतो. यात नवं काही नाही. साताऱ्याजवळ लिंबला बारा मोटेची विहीर आहे, शाहू महाराजांच्या काळातली, अठराव्या शतकाच्या पहिल्या पावात बांधलेली. मोट वर आली की थारोळ्यात रिकामी व्हायची, थारोळ्यातून पाटाला. तुमची यंत्रणा त्याहून हुशार नाही. फरक एवढाच की लिंबला बैल थांबले की पाणी जिथल्या तिथे थांबायचं. तुमच्याकडे लाइट गेली की पंप थांबेल, पाणी थांबणार नाही. पुढचा प्रत्येक एल्बो, प्रत्येक व्हॉल्व आणि प्रत्येक भांडण या एका गोष्टीपायी आहे.

जागा

चार बाय दोन बाय दोन फुटांची टाकी म्हणजे 16 घनफूट, 453 लिटर. काच, दगड, वाळू, खालचा सम्प आणि स्टँड धरलं तर वजन पाऊण टनाच्या पुढे जातं. साताऱ्याच्या पेठेत जुना वाडा असेल तर माडीचा विचार सोडा. आजोबांनी त्या लाकडी तुळया पंगतीच्या हिशेबाने घातल्या होत्या, आणि पंगत जेवून उठते. टाकी उठत नाही.

सांगलीकरांची अडचण वेगळी. तळमजला म्हणावं तर कृष्णा. आयर्विन पुलावर 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, आणि ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. ज्यांच्या भिंतीवर ती रेघ अजून दिसते त्यांना जागा निवडायला मी शिकवणं बरं नव्हे. स्लॅबचं घर असेल तर पहिला मजला, बीमच्या वर, भिंतीलगत, आणि इंजिनिअरला दाखवून. मेव्हणा इंजिनिअर असला तरी स्थापत्यचाच आहे ना, हे विचारून घ्या.

स्टँड सुताराकडून करून घेताना कपाटाचं दार सम्पपेक्षा रुंद ठेवायला सांगा. सुतार दार कपाटाच्या शोभेप्रमाणे करतो. मग पाऊण टन वर बसल्यावर सम्प बाहेर काढायची वेळ आली, की दार काढायचं का टाकी काढायची अशी घरगुती परिषद भरते.

भोक

भरलेल्या जलाशयाला खालून भोक पाडण्याचं काम कोयनेच्या अभियंत्यांनी 1999 साली आणि पुन्हा 2012 साली केलं. बोगदा जलाशयाच्या तळापर्यंत खणत आणला, शेवटचा खडक स्फोटाने उडवला, लेक टॅपिंग म्हणून सगळीकडे गाजलं. तुम्ही हे करू नका. टाकी कोरडी असतानाच भोकं पाडा.

काच टफन केलेली असेल तर तीही पाडू नका. ड्रिल लागताच तिचे हरभऱ्याएवढे तुकडे होतात. साधी काच असेल तर हिऱ्याचा गोल बिट, ड्रिलचा वेग कमी, हात हलका, भोकाभोवती मातीचं आळं करून त्यात सतत पाणी. काचेच्या कडेपासून निदान भोकाच्या व्यासाइतकं अंतर सोडा. आणि भोकाचं माप पाइपवरून धरू नका. एक इंची पाइपला बसणारा टँक कनेक्टर आधी विकत आणा, हातात धरा, त्याच्या आट्यांचा बाहेरचा व्यास मोजा, मग बिट घ्या. 'एक इंची म्हणजे एक इंची भोक' असं छातीठोक सांगणारे लोक आपल्या भागात भरपूर आहेत आणि त्यांच्यापैकी कोणीही काचेचे पैसे देत नाही.

कनेक्टरचं रबरी वायसर रुंद गळ्याच्या बाजूला, नटाच्या बाजूला नाही. नट हाताने आवळायचा, वर पाव फेरा. पाना लांब असला की पाव फेऱ्याचा दीड होतो आणि काचेला तडा जातो.

उतार

खाली येणारं पाणी सातारी डोक्याने आखा. कासचं पाणी डोंगराच्या उतारावरून शहराकडे यायचं, मोटर न लावता, ही साताऱ्याची जुनी सवय. उताराला लाइट लागत नाही, पण आवाज होतो. टाकीच्या एका कोपऱ्यात ओसंडण्याची पेटी करा. तिच्या कडेवरून पाणी आत पडेल आणि तिथून पाइपने खाली. पाइपमध्ये पाण्याबरोबर हवा शिरली की रात्रभर गडगडाट. त्या आवाजात पाहुणे दोनदा विचारतात, "फ्लश चालू राहिलाय का?" तिसऱ्यांदा विचारत नाहीत, बघूनच येतात.

उपाय तीन पाइपांचा. परदेशी हौशी लोक त्याला बीनअ‍ॅनिमल म्हणतात. कोयनेच्या सांडव्यावर एकाऐवजी सहा दरवाजे का आहेत हे ज्याला कळलं त्याला हे कळायला नावाची गरज नाही. पहिला पाइप पूर्ण पाण्याने भरून वाहतो, म्हणजे सायफन. त्यात हवा नाही, म्हणून आवाज नाही. त्यावर गेट व्हॉल्व लावायचा आणि पंपाच्या वेगाला तो जुळवून घ्यायचा, चाक अर्धी फेरी, थांबा, पाव फेरी, थांबा. बॉल व्हॉल्व इथे नको. त्याचा दांडा एकतर पाणी सोडतो नाहीतर अडवतो, मधल्या गोष्टी त्याला जमत नाहीत. दुसरा पाइप जे किरकोळ उरेल ते शांतपणे नेतो. तिसरा कोरडा, सगळ्यांत उंच तोंडाचा, फक्त पहिल्यात शंख अडकला तर कामाचा. हा तिसरा पाइप बघून घरातलं कोणीतरी म्हणणार, "हा कशाला? यातून तर पाणीच येत नाही." त्यावर वाद घालू नका, बुचही मारू देऊ नका.

सायफनच्या पाइपचं खालचं टोक सम्पच्या पाण्यात इंचभरच बुडवा. जास्त बुडवलं तर लाइट आल्यावर आतली हवा बाहेर पडत नाही, सायफन धरत नाही, आणि कोरडा पाइप पहिल्याच दिवशी कामाला लागतो.

चढ

वर जाणारं पाणी मात्र सांगलीच्या हिशेबाने. पंपाचा विषय निघाल्यावर या जिल्ह्याने गप्प बसू नये. औंध संस्थानाने दिलेल्या निवडुंगाच्या माळावर, कुंडल रोड स्टेशनाजवळ, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली वाडी वसवली, आणि तिथे 1926 मध्ये सेंट्रिफ्युगल पंप तयार झाला. आज ताकारी, म्हैसाळ, टेंभू या योजना कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने उचलून दुष्काळी तालुक्यांत नेतात. जतच्या शेतकऱ्याला हेड म्हणजे काय हे विचारा, तो हातातला चहा खाली न ठेवता समजावून देईल.

तुमचं हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, पाच फूट. पंपाच्या खोक्यावर '3000 लिटर ताशी' असं ठळक लिहिलेलं असतं, ते शून्य फुटांवरचं. म्हणजे पाणी कुठेच चढवायचं नसेल तेव्हाचं. खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरात एक आलेख असतो, खरं तिथे आहे. या टाकीला तासाला सव्वादोन हजार लिटर मिळालं तरी पुरे, पण ते पाच फुटांवर मिळायला हवं. प्रत्येक एल्बो त्यातलं थोडं खातो. काटकोनात वळवण्याऐवजी 45 अंशांचे दोन एल्बो घाला, कमी खातात. पंपाच्या तोंडाशी युनियन घाला, नाहीतर साफ करताना पाइप कापावा लागतो.

आता मुख्य गोष्ट. हिशेब कागदावर करा, डोक्यात नको. लाइट गेली. पंप थांबला. वर पाणी सोडणारं तोंड टाकीत बुडालेलं आहे, त्यामुळे तोच पाइप आता सायफन होऊन उलटा वाहू लागतो आणि तोंड उघडं पडेपर्यंत थांबत नाही. टाकीचा पृष्ठभाग आठ चौरस फूट. तोंड दीड इंच बुडालेलं असेल तर एक घनफूट, म्हणजे 28 लिटर पाणी खाली येईल. तोंड सहा इंच खाली असेल (खाली ठेवलं की दिसायला चांगलं दिसतं, म्हणून लोक ठेवतात) तर 113 लिटर. तुमचा सम्प समजा तीन बाय दीड फुटांचा, दीड फूट उंच. चालू असताना त्यात दहा इंच पाणी, वरचा एक इंच सोडला तर सात इंच मोकळे, त्यात मावतं 74 लिटर. वजाबाकी करा. एकोणचाळीस लिटर सोफ्याखाली, तेही खारं. शिवाय ओसंडपेटीतलं आणि पाइपांतलं पाणी येतं ते वेगळं.

इथे शेतीचा अनुभव असलेला माणूस हमखास म्हणतो, "एनआरव्ही टाका की." म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व. विहिरीवर चालतो. मिठाच्या पाण्यात त्याच्या पाकळीवर चुन्याचा थर बसतो, शेवाळ येतं, त्यावर एक छोटी गोगलगाय संसार मांडते आणि पाकळी अर्धी उघडी राहते. एनआरव्ही हवा तर लावा, हिशेब मात्र तो नाही असं धरूनच करा. त्यापेक्षा वर येणाऱ्या पाइपला पाण्याच्या पातळीखाली अर्ध्या इंचावर तीन-चार मिलिमीटरचं भोक पाडा. पातळी तिथवर उतरली की हवा शिरते आणि सायफन तुटतो. हे भोक आठवड्याला टूथपिकने साफ करायचं. घरात टूथपिक नसेल तर आणा. या सगळ्या खर्चात तेवढंच स्वस्त आहे.

मोटरच्या पेटीत 'ऑटो' बसवून निवांत झोपणाऱ्यांच्या गावात वेगळं सांगायला नको, पण सांगतो : इथे पंप लाइट आल्यावर आपोआप सुरू होतोच, आणि तो सुरू झाला तेव्हा वरचे पाइप तयार नसले तर पूर आता वरून येतो. जाणं आणि येणं, दोन्ही तपासा. बोर्डाला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावा आणि प्रत्येक वायरला प्लगच्या आधी खाली झोका द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी प्लगपर्यंत न जाता तिथेच ठिपकेल.

मिस्त्री

मिस्त्री चांगला निवडा, आणि चांगला मिस्त्री तुमचं ऐकणार नाही हे गृहीत धरा. तुम्ही तीन पाइपांचं चित्र पुढे केलंत की तो चष्मा वर करून बघेल.

"एवढं चित्र कशाला काढलासा, साहेब? एक पाइप खाली सोडतो, एक वर घेतो, झालं."

"लाइट गेल्यावर?"

"लाइट गेल्यावर पाणी कशाला जाईल वर?"

इथे घाईने समजवायला जाऊ नका, चहा मागवा. तो बाजूला पिशवी उघडेल आणि त्यातून पितळी व्हॉल्व काढेल. "ह्यो टाका. जन्मभर टिकतोय." खरं आहे, व्हॉल्व टिकतो. पितळेत तांबं असतं, ते पाण्यात उतरतं, आणि मग कोळंबी, शंख, प्रवाळ यांपैकी काही टिकत नाही. म्हणून पितळ नाही, गनमेटल नाही, गॅल्व्हनाइज्ड नाही, स्टीलचा स्क्रूही नाही. सगळं यूपीव्हीसी. सीपीव्हीसी गरम पाण्याचं असतं, त्याचं सोल्युशनही वेगळं. दोन्हींची डबी एकाच पिशवीत असते, तेव्हा लावण्याआधी डबी वाचा. आट्यांवर सफेदा आणि सुती दोरा नको, टेफ्लॉन टेप. आणि एम-सील ज्या दिवशी घरात येईल त्या दिवशी समजा की योजना संपली आणि डागडुजी सुरू झाली.

सगळं आधी सुकं जोडा. प्रत्येक सांध्यावर मार्करने आडवी रेघ मारा, दोन्ही तुकड्यांवर. सुटं करा, मग सोल्युशन लावा आणि रेघेला रेघ मिळवा. मिस्त्रीला हे पोरखेळ वाटेल. सोल्युशन काही सेकंदांत धरतं आणि चुकलेला एल्बो पुन्हा फिरत नाही हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. फक्त त्याचा एल्बो कधी चुकत नाही.

मीठ

एकूण 500 लिटर धरलं तर सतरा-अठरा किलो मीठ लागतं. ते घरी येताना भावकीतल्या आबांना दिसू देऊ नका. वाळवा, मिरज, पलूसकडे कृष्णाकाठची चांगली काळी रानं पाणी देऊन देऊन क्षारपड झालीत. लोक जमिनीत खोल सच्छिद्र पाइप गाडून मीठ धुऊन काढतायत, कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राने या निचऱ्यावर काम केलंय. अशा रानाचे मालक असलेले आबा तुमच्या सोफ्यावर बसून विचारतील, "आम्ही मीठ काढाय पाइपा गाडतोय, आन् तुम्ही पैसं घालून मीठ आणताय व्हय?" याला उत्तर नाही. द्राक्षाची बाग असलेला कोणी शेजारी असेल तर मात्र त्याचा ईसी मीटर, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचा अंदाज देणारा, मागा, थोडा वेळ. पाण्याची ईसी दीड-दोनच्या पुढे गेली की बागाईतदाराचा चेहरा पडतो; तुमच्या टाकीची 53 च्या आसपास आली की तुमचा खुलेल. मीटर नीट धुऊन परत करा.

पाणी उडून जातं, मीठ उडत नाही. सांगलीत मे महिन्यात पारा चाळिशीकडे, आणि प्रवाळांना हवं पंचवीस-सव्वीस. चिलर घ्या किंवा पृष्ठभागावर पंखे सोडा. पंखे सोडले की पाणी आणखी उडतं. ही घट सम्पच्या शेवटच्या, पंपाच्या कप्प्यात दिसते, कारण आधीच्या कप्प्यांत आडव्या काचा पातळी धरून ठेवतात. तिथे फ्लोट स्विच बसवून आरओचं गोडं पाणी आपोआप घाला. मिस्त्री इथे सुचवेल की ही भानगड कशाला, गच्चीवरच्या टाकीची लाइन थेट जोडतो, फ्लोट कॉक लावतो. फ्लोट कॉक पितळी असतो, हे एक. तो अडकला की हजार लिटर खाली येतात, हे दुसरं. वीस लिटरचा कॅन ठेवा. स्विच अडकून सगळा कॅन आत गेला तरी 35 चं खारेपण 33 आणि 34 च्या मध्ये कुठेतरी येईल, मासे थोडे चमकतील, घर वाचेल. आणि त्या नळीचं टोक पाण्यात बुडवू नका, नाहीतर तोही सायफन.

खाऱ्या पाण्याचा एक गुण मान्य करायला हवा. गळती कितीही बारीक असो, सुकल्यावर सांध्याला पांढरी मिशी फुटते. गोड्या पाण्याची गळती महिनोन् महिने लपते, हिला लपता येत नाही. आठवड्यातून एकदा कपाटात डोकं घालून मिशा शोधा.

आणि प्रवाळ आणायला म्हणून गाडी काढून मालवणला जाऊ नका. तिथे 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, आणि दगडी प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. किनाऱ्यावर पडलेला तुकडाही खिशात घालायचा नाही. कोरडा चुनखडीचा किंवा सिरॅमिकचा दगड, टाकीतच पैदास झालेली क्लाउनफिशची जोडी, एवढ्यावर पहिली दोन-तीन वर्षं आनंदात जातात. नळकाम तोवर पूर्ण झालेलं असेल.

मिठाआधीचा दिवस

पोतं फोडण्याआधी सगळी यंत्रणा साध्या नळाच्या पाण्यावर चालवा. सम्पच्या काचेवर चालू पातळीची रेघ मारा. मग मेन स्विच बंद करा, पंपाचा प्लग नव्हे, घराचा मेन, कारण खरी लाइट तशीच जाते. पाणी थांबेपर्यंत बघा आणि दुसरी रेघ मारा. या रेघेच्या वर दोन बोटं काच कोरडी असेल तर ठीक. नसेल तर सम्पमधलं चालू पाणी कमी करा किंवा वरचं तोंड आणखी वर घ्या. मेन चालू करा. सायफन किती वेळात धरतो, ओसंडपेटी कुठवर भरते, कोरडा पाइप कोरडाच राहतो का, बघा. मग पहिल्या पाइपमध्ये मुद्दाम कापडाचा बोळा कोंबून तिसऱ्याला एकदा काम करू द्या. हे सगळं पुन्हा करा, रात्री सगळे झोपल्यावर आणखी एकदा करा, आवाज तेव्हा कळतो.

या दिवशी मिस्त्रींना घरी बोलावून ठेवा. मेनचा स्विच त्यांच्याच हाताने बंद करून घ्या, आणि राहिलेले पैसे त्यानंतर द्या.